तळटीप १७ : ‘बसीनची लाइन’

१७. दक्षिण बसीन वायुक्षेत्रातून हजिऱ्याला (जि. सुरत) गेलेली ३६ इंची समुद्री वायुवाहिनी; लांबी दोनशे किलोमीटरहून अधिक. क्षेत्राला नाव वसईचे, पण ही वाहिनी वसईजवळच्या कळंबच्या किनाऱ्याला लागत नाही. ती पश्चिमेला भर समुद्रातून उत्तरेकडे जाते. मुंबई हाय ते उरण ही १९७८ची वाहिनी वेगळी. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

लेखकाने सांगितलेला ‘एस’सारखा बाक असा : बार्जवर सुमारे १२ मीटरचे पाइप एकामागून एक वेल्ड करून मागे सोडतात. बार्जच्या शेपटाला ‘स्टिंगर’ हा रोलर बसवलेला उतरता सांगाडा असतो. त्यावरून पाइप खाली वळतो आणि तळ गाठताना उलटा वाकतो. ‘टेन्शनर’ त्याला ओढून धरतो; ओढ कमी पडली तर तळाजवळचा बाक वाढून पाइप पिचकतो. म्हणून हल्ली हे आधी संगणकावर करून पाहतात. पाइपचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येकाचे वजन (काँक्रीटच्या वेष्टनासह), पाण्याची खोली आणि ओढ यांचे गणित मांडतात; आधी शांत पाण्यात, मग लाटा, प्रवाह व बार्जचे हेलकावे धरून. किती उंच लाटेला काम थांबवायचे, ते यावरून ठरते. पावसाळ्यात मात्र गणिताची गरजच नसते, कोळ्यांच्या होड्याही तेव्हा वर ओढलेल्या असतात. पाइप जवळजवळ उभा सोडण्याची ‘जे’ पद्धत खोल समुद्रासाठी आहे. इथल्या उथळ पाण्यात ती चालत नाही.