उड्डाणाआधीची जोखीम : विमानांचे ‘पुशबॅक’ आणि जमिनीवरील अपघात

विमान अपघात म्हटला की कोसळलेले किंवा धावपट्टीवरून घसरलेले विमान डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र माणसांचे बळी आणि विमानांची मोठी हानी विमानतळाच्या एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेतही होत असते. विमानाचे दरवाजे बंद झाल्यापासून ते स्वतःच्या बळावर चालू लागेपर्यंतचा काही मिनिटांचा काळ त्यात विशेष जोखमीचा मानला जातो. या काळातील मुख्य क्रिया म्हणजे ‘पुशबॅक’. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर याच टप्प्यात एका सेवा अभियंत्याचा मृत्यू झाला होता.

पुशबॅक म्हणजे काय?

टर्मिनलकडे तोंड करून उभ्या असलेल्या विमानाला निघण्यासाठी आधी मागे यावे लागते. मोटारीप्रमाणे विमानाची चाके इंजिनाने फिरत नाहीत. इंजिनाच्या झोतामुळे विमान पुढे सरकते. हाच झोत उलटा वळवून टर्मिनलजवळ मागे येणे माणसांना, वाहनांना आणि इमारतीच्या काचांना घातक ठरू शकते. त्यामुळे ‘टग’ नावाचा वजनदार ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो. टग आणि विमानाचे पुढचे चाक लोखंडी दांड्याने, म्हणजे टो-बारने जोडलेले असते. काही आधुनिक टग हे चाकच उचलून धरतात.

या कामासाठी टगचालक, हेडसेटवरून वैमानिकाशी बोलणारा अभियंता किंवा तंत्रज्ञ आणि पंखांच्या टोकांवर लक्ष ठेवणारे ‘विंग वॉकर’ असे पथक असते. कॉकपिटमधून वैमानिकाला विमानाची शेपटी दिसत नाही, इंजिनांच्या आसपासचा आणि नाकाखालचा भागही दिसत नाही. त्या वेळी पथकच त्याचे डोळे असते.

खुणेचे महत्त्व

ढकलण्यापूर्वी पुढच्या चाकाजवळ ‘बायपास पिन’ बसवली जाते. त्यामुळे त्या चाकाचे सुकाणू कॉकपिटच्या नियंत्रणातून सुटते. पिन नसताना चाक अचानक वळले तर टो-बारचा जबर तडाखा बसू शकतो. विमान मागे सरकत असतानाच बहुधा इंजिने सुरू केली जातात.

विमान ठरलेल्या जागी आले की वैमानिक पार्किंग ब्रेक लावतो. त्यानंतर टो-बार सोडवला जातो, पिन काढली जाते, हेडसेटची तार वेगळी केली जाते. येथून पुढे वैमानिक आणि पथक यांच्यातील बोलण्याचा दुवा उरत नाही. अभियंत्याने वैमानिकाला दिसेल अशा सुरक्षित जागी जाऊन लाल फीत लावलेली पिन दाखवायची आणि हाताने खूण करायची, अशी पद्धत आहे. ही खूण पाहिल्याशिवाय विमान हलवायचे नसते. इंजिने सुरू आहेत, माणसे विमानाजवळ आहेत आणि संभाषण तुटले आहे, अशा अवस्थेत सुरक्षिततेची सारी भिस्त या एका खुणेवर असते.

मुंबईतील दुर्घटना

तेव्हा सरकारी मालकीच्या असलेल्या एअर इंडियाचे मुंबई-हैदराबाद एआय ६१९ हे एअरबस ए-३१९ विमान त्या दिवशी रात्री निघण्याच्या तयारीत होते. पुशबॅक पूर्ण झाले होते. मात्र पथक दूर गेल्याची खात्री होण्याआधीच विमान पुढे निघाले. जवळ असलेला सेवा अभियंता इंजिनात खेचला गेला आणि जागीच मृत्युमुखी पडला.

जेट इंजिन संथ गतीने चालू असतानाही आपल्या मुखासमोरील काही मीटरच्या पट्ट्यातून प्रचंड हवा ओढत असते. विमान हलवण्यासाठी शक्ती वाढवली की हा धोक्याचा पट्टा आणखी विस्तारतो. एप्रनवर आधीच मोठा गोंगाट असतो आणि कानांवर संरक्षक आवरण असते. त्यामुळे पाठमोऱ्या माणसाला केवळ आवाजावरून विमान हलल्याचे समजेल, याची शाश्वती नसते.

टग ओढत असलेल्या विमानाची चाकेही तितकीच घातक ठरतात. मे २०१९ मध्ये कुवेत विमानतळावर बोईंग ७७७ विमान टगच्या साह्याने हलवताना एका भारतीय तंत्रज्ञाचा चाकाखाली मृत्यू झाला.

विमानांची टक्कर

मागे येणाऱ्या विमानाची शेपटी किंवा पंख दुसऱ्या विमानावर आदळण्याच्या घटनाही घडतात. ५ जानेवारी २०१८ रोजी टोरांटो येथे टगने हलवले जाणारे सनविंगचे रिकामे बोईंग ७३७ विमान वेस्टजेटच्या थांबलेल्या विमानाच्या पंखावर आदळले. आग भडकली आणि वेस्टजेटच्या विमानातील १६८ प्रवासी व सहा कर्मचाऱ्यांना आपत्कालीन घसरगुंड्यांवरून उतरवावे लागले. १६ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या न्यू चितोसे विमानतळावर बर्फवृष्टी सुरू असताना कोरियन एअरच्या विमानाचा पंख पुशबॅकदरम्यान कॅथे पॅसिफिकच्या उभ्या विमानाच्या शेपटीला घासला. सुदैवाने त्यात कोणी जखमी झाले नाही.

अपघात टाळण्यासाठी

वेळेवर निघण्याची घाई, रात्रीचा अंधार, पाऊस किंवा बर्फ, दाटीवाटीने उभी विमाने आणि अपुरे पथक यांमुळे हा धोका वाढतो. ग्राउंड हँडलिंगचे काम अनेकदा कंत्राटी कंपन्यांकडे असते. एकाच पथकाला निरनिराळ्या विमान कंपन्यांच्या पद्धती सांभाळाव्या लागतात, त्यातूनही गोंधळ होऊ शकतो. ही तफावत कमी व्हावी म्हणून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने (आयाटा) २००८ मध्ये या कंपन्यांच्या सुरक्षा तपासणीचा ‘इसागो’ हा कार्यक्रम सुरू केला.

जमिनीवर होणाऱ्या विमानांच्या नुकसानीचा वार्षिक खर्च २०३५ पर्यंत दुप्पट होऊन सुमारे दहा अब्ज डॉलरवर जाईल, असा इशारा आयाटाने २०२२ मध्ये दिला होता. टग आणि इतर उपकरणांवर टक्कररोधक यंत्रणा बसवण्याची शिफारसही संघटनेने केली आहे.

यंत्रे सुधारली तरी विमान सुटण्याच्या क्षणी खूण देणारा आणि ती पाहणारा माणूसच असतो. दरवाजा बंद झाल्यावर विमान काही मिनिटे जागीच थांबले की प्रवासी अस्वस्थ होतात. त्याच वेळी खाली कोणीतरी हातात पिन घेऊन इंजिनापासून दूर जात असतो, आणि तो सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत थांबणे हा उड्डाणाच्या तयारीचाच भाग आहे.