आजोळचे आंबे

स्मरणिकेच्या पानांत थोरांची चरित्रे व संस्थेचा वृत्तान्त येतो, हे योग्यच होय. परंतु ज्या घरांनी आपणांस वाढविले त्या घरांनाही इतिहास असतो. तो कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणून आमच्या अल्प स्मरणातून तो ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

आमचे आजोळ अंबड तालुक्यातील वडीगोद्री. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. आमच्या बालपणी तो औरंगाबाद जिल्ह्यात मोडे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. १९६५ पासूनच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या आम्ही तेथेच घालविल्या.

आजोबांच्या बांधावर आंब्याची पाच झाडे होती. शेपूसारख्या वासाचा तो शेप्या, लहान फळाची ती गोटी, लाल छटेची शेंद्री. शिवाय खोबऱ्या व साखऱ्या. अक्षय्य तृतीयेस पितरांना रस दाखविल्यावाचून आजी आंब्यास तोंड लावीत नसे. पाड लागला की फळे झेल्याने उतरवून काडाच्या आढीत घालीत. फळांतून निघणारा वायू काडात कोंडून आठदहा दिवसांत आढी पिके व सारे घर दरवळे. त्याच दिवसांत तीन दिवस भिजविलेल्या गव्हाचा चीक शिजे व माळवदावर धोतराच्या पानावर कुरडया पडत. राखण आम्हा मुलांकडे. पण कावळ्यांपेक्षा ओल्या कुरडया आम्हीच अधिक खाल्ल्या! दुपारी रस, पुरणपोळी व तळलेली कुरडई अशी पंगत बसे, आणि कोणी किती आंबे खाल्ले हे कोयी मोजून ठरे.

१९७२ च्या दुष्काळात विहीर आटली व दोन झाडे वाळली. १९७६ साली जायकवाडीचे लोकार्पण झाले. पुढे डाव्या कालव्याच्या पाण्याने तालुक्यात ऊस व मोसंबी वाढली. सुबत्ता आली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु भिजत्या जमिनीची किंमत वाढली, तशी झाडाची सावली डोळ्यांत खुपू लागली. १९८४ साली मामांच्या वाटण्या झाल्या. शेप्या नेमका नव्या बांधावर आला. कोणीच हक्क सोडीना. अखेर तो लाकूडवाल्यास विकला. घरात शिकलेले म्हणून वाटणीचा कागद आम्हीच लिहिला, आणि एका शब्दानेही हरकत घेतली नाही. पुढल्या अक्षय्य तृतीयेस आजीने बाजारच्या आंब्यांचा रस पितरांपुढे ठेवला. ती आम्हांस काही बोलली नाही. स्वतः मात्र त्या वर्षी आंबा खाल्ला नाही.

२०१६ साली जालन्याच्या मोसंबीस व मराठवाड्याच्या केशर आंब्यास भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहे. शेप्यास मात्र कोणते मानांकन मिळणार? गावरान आंब्याची कोय लावली तरी मूळ झाडाचेच फळ येईल असा भरवसा नसतो. झाड गेले की ती चव कायमची गेली.

म्हणून एवढीच विनंती. ज्यांच्या शेतात असे जुने झाड उभे असेल, त्यांनी त्याची काडी घेऊन कोयकलम करवून घ्यावे व वडिलांकडून त्याचे नाव विचारून लिहून ठेवावे. वाटणीचा कागद करण्यापूर्वी हे व्हावे. आमच्या हातून ते झाले नाही.