वारा आणि वाडी

झाशी जिल्ह्यात बेतवेच्या काठी एरच हे प्राचीन गाव आहे. अकबराच्या काळी आग्रा सुभ्यातील एका सरकारचे ते ठाणे होते. त्या मुलखातला उन्हाळी वारा म्हणजे लू; कोरडी, भाजून काढणारी. 1729 साली छत्रसालाच्या साहाय्यार्थ बुंदेलखंडात उतरलेल्या पहिल्या बाजीरावाच्या घराण्याला परिचित असलेला वारा मात्र निराळा होता. भट घराणे मूळचे श्रीवर्धनचे. तेथला वारा ओला, खारा आणि आषाढात झाडांचे शेंडे मोडणारा. अशा वाऱ्याच्या तोंडी श्रीवर्धनची रोठा सुपारी पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. यामागे दैवापेक्षा झाडांची निवड अधिक होती.

पोफळीचा सोट बारीक, मुळे उथळ. तिला पश्चिमेचे ऊनही सोसत नाही. म्हणून ती वाडीच्या पोटात राहते. समुद्राच्या अंगाला केवडा, निवडुंग व निर्गुडी. त्यांच्या पाठीशी उंडी, भेंड व करंज. मग नारळ, अशी ही जुनी उतरंड. केवड्याची मुळे वाळू धरून ठेवतात. उंडीचे पान जाड व तुकतुकीत असल्यामुळे खारे तुषार ते सोसते. तिच्या बियांचे कडू तेल पूर्वी दिव्यात जळे. भिंतीवर आदळलेला वारा वरून उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा कोसळतो. पानाफांद्यांतून थोडा वारा जाऊ देणारा झाडांचा पट्टा मात्र त्याचा जोर मोडतो आणि आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत आडोसा देतो.

झाड वाढण्यास लागणाऱ्या काळाची जाण मराठी राज्यकर्त्यांनाही होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात, आरमाराच्या लाकडासाठीदेखील रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, असे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, हे त्याचे कारण.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारवारच्या किनाऱ्यावर सुरूची लागवड झाली आणि पुढे कोकणच्या पुळणींवरही सुरूची बने उभी राहिली. सुरू झपाट्याने वाढतो, खारी वाळू सोसतो, जळणही देतो. परंतु त्याच्या गळलेल्या काड्यांच्या थराखाली दुसरे फारसे उगवत नाही. त्यामुळे झुडपांपासून उंच झाडांपर्यंतची उतरंड तेथे साधत नाही.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मोठ्या प्रमाणावर आडव्या झाल्या. एवढे वादळ कोणतेही कुंपण पूर्णपणे अडवू शकत नाही, हे खरे. तथापि वादळे क्वचित येतात आणि नैर्ऋत्येचा वारा दरवर्षी येतो. नवी पोफळ फळाला यावयास पाच ते आठ वर्षे लागतात. तेवढा काळ तिला जगवायचे, तर तिच्या आधी पश्चिमेच्या कडेला उंडी आणि केवडा रुजला पाहिजे. पूर्वजांच्या वाडीतला हाच क्रम आजही सोडता येण्याजोगा नाही.