एकटीचे माहेर

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी स्मरणिकेसाठी चार शब्द लिही, असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला, म्हणून हे धाडस.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. आईच्या हातचे डिंकाचे लाडू, शेकशेगडी, न्हाणे-माखणे. पण जिला माहेरानेच दार लावले, तिने कोठे जावे? १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. परंतु कायद्याने घरची दारे उघडली नाहीत. लोकलाजेपायी कित्येकींनी पोटच्या बाळाचा, नाहीतर स्वतःचा जीव घेतला. हे पाहून १८६३ साली पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे वा ठेवावे, मर्जी तिची. १८७४ साली तेथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला व डॉक्टर केला. तोच यशवंत. मी तर त्या घराला एकटीचे पहिले माहेरच म्हणते.

पंडिता रमाबाईंचे पती १८८२ साली वारले, तेव्हा मुलगी मनोरमा तान्हीच होती. त्याच बाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. आपल्या जिल्ह्यातही अंबाजोगाईस शैलाताई लोहियांनी 'मनस्विनी'द्वारे टाकलेल्या बायकांना आधार दिला.

आपल्या भागात असा आधार किती लागतो, ते ऊसतोडीवरून कळते. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. तिच्या पाठीशी लेकरे असली तरी ती अर्धीच!

आता माझीच चूक सांगते. एका संक्रांतीला शेजारच्या विधवा बाईची मुलगी दारात आली. तिच्या हातावर मी तिळगूळ ठेवला, पण आईला हळदीकुंकवाला बोलावले नाही. मुलीने विचारले, "आईला का नाही?" मला उत्तर सुचले नाही.

पुढे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केल्याचे कळले. मंडळात बोलणे झाले. वडीलधाऱ्या बायका नाराज झाल्या, पण त्या वर्षापासून आपण एकट्या आयांचे माहेरपण सुरू केले. त्या दिवशी त्यांनी भांड्याला हात लावायचा नाही. डोक्याला तेल, कासाराकडून हातभर बांगड्या, मुले आपण सांभाळायची आणि ताटात गरम पुरणपोळी. पहिल्या वर्षी शेजारच्या त्या बाई ताटावर बसून रडल्या. म्हणाल्या, "आणखी एक घे, असं म्हणायला कुणी नव्हतं."

वर्षाचा एक दिवस पुरत नाही, हे खरे. उरलेले दिवस आपली दारे उघडी राहोत, एवढीच वर्धापनदिनी प्रार्थना.