खुराडं, क्रोशाची सुई आणि न मांडलेला हिशेब

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या पावसाचा आणि डिंभे धरणाचा. पूर्वेकडे लोणी-धामणीच्या पट्ट्यात येईपर्यंत पाऊस विरळ होतो आणि विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात. अशा जिरायती मुलखात दोन सुगींमधले महिने घर कसं चालायचं, याच्या हिशेबातून बायकांच्या हातची दोन कामं नेहमीच गळत आली: परसातल्या कोंबड्या आणि क्रोशाचं विणकाम.

कोंबड्यांचा संसार जुना. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते आणि मधूनमधून खुडूक होते. मग घरची बाई टोपलीत भुसा घालून तिला दहा-बारा अंड्यांवर बसवते. 21 दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. दिवसभर उकिरड्यावरचे किडे आणि खळ्यातले सांडलेले दाणे टिपायचे, तिन्हीसांजेला डालग्याखाली जायचं. वेगळं खाद्य जवळपास लागतच नाही. माळकरी घरं सोडली तर बहुतेक वस्त्यांवर हेच चित्र. आठवडे बाजारात विकलेल्या अंड्यांचे पैसे बहुधा बाईकडेच राहत आणि त्यांतून मीठमिरची, काडेपेटी, मुलांची पाटी-पेन्सिल येई.

भीती असायची ती मानमोडीची. मान वाकडी करून कोंबड्या पटापट मरत आणि काही दिवसांत खुराडं ओस पडे. 1927 साली कुमाऊंमधल्या राणीखेतला हा रोग शास्त्रज्ञांनी नोंदवला, म्हणून पुस्तकांत तो त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. 1940च्या दशकात मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेने लस तयार केली. ती वस्त्यांवर पोहोचायला मात्र फार वेळ लागला.

क्रोशा आला दूरच्या वाटेने. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती मठांतल्या जोगिणींनी उपाशी घरांतल्या मुलींना आकड्याच्या सुईची जाळी शिकवली आणि त्या जाळीवर कुटुंबं तगली. मिशनऱ्यांबरोबर ही कला भारतात पसरली. आंध्रातलं नरसापूर तर तिच्यासाठीच प्रसिद्ध झालं. इकडे पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने 1909 साली सुरू झालेल्या सेवासदनाने शिवण आणि हातकामाला शिक्षणात स्थान दिलं. पुढे शाळा, महिला मंडळं आणि माहेरवाशिणी यांच्यामार्फत साखळी, खांब, मुका खांब हे टाके गावोगाव गेले. ताटावरचे रुमाल, दाराची तोरणं, रेडिओवरची झाकणं यांनी रुखवत सजू लागलं.

ही दोन कामं एकाच अंगणात रमली, त्याला कारण आहे. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर असतात. सुई निसटली तर ओळच्या ओळ उसवते. क्रोशात एका वेळी बहुधा एकच टाका उघडा असतो. पिल्लांवर घार झेपावली, मुंगूस खुराड्याशी आलं, तर हातातलं काम तिथेच टाकून उठता येतं आणि परत येऊन त्याच टाक्यापासून पुढे नेता येतं. राखण करणाऱ्या बाईला याहून सोयीचं हातकाम कुठलं?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोंबड्यांचा बाजार बदलला. सरकारी योजनांतून व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड या जाती आल्या. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि 1982 साली अंड्यांचा भाव उत्पादकांनी ठरवावा म्हणून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. कोंबडी शेडमध्ये गेली, धंदा झाली आणि त्याचे व्यवहार बहुतेक घरांत पुरुषांकडे गेले. त्याच 1982 साली जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचा नरसापूरच्या विणकरणींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. परदेशी जाणारा माल दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या बायकांना व्यापारी मात्र रिकाम्या वेळात विरंगुळा करणाऱ्या गृहिणी समजत होते, हे मीस यांनी दाखवून दिलं. आपल्या जनगणनेतही घरच्या शेतातलं आणि घरगुती उद्योगातलं बिनमजुरीचं काम प्रश्नात स्पष्टपणे विचारलं गेलं ते 1991 साली.

2006च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा शेडमधल्या पक्ष्यांबरोबर परिसरातल्या घरोघरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. तरी परसातली कोंबडी संपली नाही. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादची वनराज या जाती मोकळ्यावर वाढतात आणि गावठीपेक्षा बरीच जास्त अंडी देतात. आंबेगाव ज्यात मोडतो त्या जुन्नर वनविभागात बिबट्यांचा वावर वाढल्यामुळे रात्री नुसतं डालगं पुरत नाही. पक्की जाळी लागते. सुधारित जातींच्या कोंबड्या मात्र फारशा खुडूक होत नाहीत. त्यामुळे यंत्र नसलेल्या घरी त्यांची अंडी उबवायला आजही गावठी कोंबडीखालीच ठेवतात, आणि ती कधी बसवायची, किती अंडी घालायची, हे घरातली बाईच ठरवते.