पत्त्यांचे अर्थ कुणी लिहिले?

टॅरो हा शब्द आता टीव्हीवर, मोबाइलवर आपल्याही कानावर पडतो. चित्रांचे पत्ते मांडून भविष्य सांगतात, तेच हे. शिकायला निघालेली बाई आधी विचारते, पुस्तक कोणतं घेऊ? याचं उत्तर पत्त्यांच्या इतिहासातच सापडतं.

हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झाले, तेही खेळण्यासाठी. एकूण पत्ते ७८. त्यांतले ५६ आपल्या इस्पिक-बदामासारखे चार गटांचे, आणि २२ खास चित्रांचे, हुकमासारखे वापरायचे. तेव्हा अर्थाचं पुस्तक कुणाला लागत नव्हतं.

१७८१ मध्ये पॅरिसमधल्या कूर द जेबलँ या लेखकाने लिहिलं, की हे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. पुरावा काहीच नव्हता. इजिप्तची चित्रलिपी तर तेव्हा कुणाला वाचताही येत नव्हती! पण लोकांना गोष्ट आवडली. चारच वर्षांत एतेला नावाने लिहिणाऱ्या भविष्यवाल्याचं टॅरोवरचं पुस्तक आलं.

१९०९ मध्ये लंडनला आर्थर वेट यांनी नवा संच काढला. चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ हिने. आधी बहुतेक संचांत साध्या पत्त्यांवर नुसत्या तलवारी, नुसते पेले असायचे. पामेलाने तिथे प्रसंग रंगवले. आठ तलवारींच्या पत्त्यावर एक बाई आहे, डोळ्यांवर पट्टी, अंग बांधलेलं. अक्षर न वाचताही तिची कोंडी कळते. एवढ्या मोठ्या कामाचे पैसे फार थोडे मिळाले, असं पामेलानेच एका पत्रात लिहिलं. संच मात्र प्रकाशक रायडर आणि वेट यांच्या नावाने ओळखला गेला. १९५१ मध्ये ती वारली, तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. कष्ट एकीचे आणि नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला नवं नाही. आता कुठे त्या संचाला तिचंही नाव जोडतात.

पुढे नवशिक्यांसाठी सोप्या भाषेत लिहिणाऱ्यांतही बायका होत्या. अमेरिकेच्या ईडन ग्रे यांचं पुस्तक १९६० चं, रेचल पोलॅक यांचं १९८० चं. दोघींनी पामेलाच्याच चित्रांवरून अर्थ समजावले.

तेव्हा पुस्तक घेताना तीन गोष्टी बघा. आपल्या हातात जो संच आहे, त्याच चित्रांवर ते लिहिलेलं असावं. नुसती अर्थांची यादी नको. चित्रात काय आहे आणि म्हणून अर्थ असा का, हे त्यात सांगितलेलं असावं. आणि हजारो वर्षांचं गुपित विकणारं पुस्तक खाली ठेवावं.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. मृत्यूच्या पत्त्याचा अर्थ बहुतेक पुस्तकांत ‘एक टप्पा संपणं’ असाच दिलेला असतो. तो पत्ता दाखवून कुणी भीती घातली, शांतीसाठी पैसे मागितले, तर बचतीचा एक रुपयाही देऊ नका. पत्ते माणसांनी रंगवले, अर्थही माणसांनीच लिहिले. उद्या काय होणार, हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.