दुसऱ्यांच्या वाटणीचा उपास

चपला बाहेर काढून ठेवा आणि भिंतीकडेला उभे राहा. ८ ऑक्टोबर १९२४. दिल्ली शहराबाहेरचा ‘दिलखुश’ बंगला, दुपारचे बारा वाजत आलेत. खाटेवरच्या माणसाच्या पोटात एकवीस दिवस पाणी आणि थोडं मीठ, एवढंच गेलंय. एकादशी अन् दुप्पट खाशी, अशी आपली सवय. तुम्हाला हा उपास ओळखायलाच वेळ लागतो. याच पोटातलं अपेंडिक्स जानेवारीत पुण्याच्या ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी काढलं होतं. देखरेख करणाऱ्या डॉ. अन्सारींना काळजी वाटते ती उगाच नाही.

हे कशापायी, ते कळायला तीन आठवडे मागे चला, शहरात मौलाना महंमद अलींच्या घरी. ९ आणि १० सप्टेंबरला सरहद्दीवर कोहाटला दंगल झाली. मुडदे पडले, तिथल्या हिंदूंना गाव सोडून रावळपिंडी गाठावी लागली. पाहुणे म्हणून उतरलेल्या गांधीजींनी यजमानालाही न विचारता उपास जाहीर केलाय. मौलाना हादरलेत, परोपरीने विनवताहेत. गांधीजी ऐकत नाहीत.

तुमच्याही ओठांवर प्रश्न येतोच. सुरे चालले कोहाटात, उपाशी हे दिल्लीत. ज्यांनी चालवले त्यांनी माफी मागितलेली नाही. मग त्यांच्या वतीने मागणारे हे कोण? आणि रावळपिंडीत घरदार गमावून बसलेल्याला या उपासाचा काय उपयोग? या दुसऱ्या प्रश्नाला इथे कुणाकडेच उत्तर नाही. पहिल्याचं गांधीजींकडे आहे: खिलाफत आणि असहकाराच्या चळवळींत लोकांमधली ही ताकद मीच जागवली, ती आता एकमेकांवर उलटली असेल तर दोष माझाही. म्हणजे ते वकिलासारखे दुसऱ्याची बाजू मांडत नाहीत, स्वतःच पिंजऱ्यात जाऊन उभे राहतात. हे मला पटतं. यजमानाला अंधारात ठेवणं मात्र शंभर वर्षांनंतरही खटकतं.

परत दिलखुशमध्ये या. दक्षिण आफ्रिकेपासूनचे सोबती इमाम बावझीर अल-फातिहा म्हणतात. गांधीजींचे मित्र अँड्र्यूज क्रुसाची महती सांगणारं इंग्रजी भजन गातात. मग उपनिषदाचे मंत्र सुरू होतात आणि तुम्ही मान उंचावून बघता: म्हणणारे आपले गागोद्याचे विनोबा, वय एकोणतीस. पाठोपाठ नरसी मेहतांचं ‘वैष्णव जन’ गातात ते त्यांचे धाकटे भाऊ बाळकोबा.

आता उपास सोडायला रस? अजून नाही. गांधीजी आधी समोरच्या पुढाऱ्यांशी बोलतात. आवाज इतका क्षीण की वाकून ऐकावं लागतं. एकीसाठी वेळ आली तर प्राणही द्या, एवढं त्यांचं मागणं. पुढारी कबूल होतात. मगच डॉ. अन्सारी संत्र्याच्या रसाचा पेला पुढे करतात.

तुमची नजर भगव्या वस्त्रांवर अडते. स्वामी श्रद्धानंद. २३ डिसेंबर १९२६ ला, याच शहरात, आजारी असताना भेटायला आलेला माणूस त्यांना गोळ्या घालणार आहे. त्यानंतर गुवाहाटीच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजी मारेकऱ्याला भाऊ म्हणतील, खरे अपराधी द्वेष पेटवणारे आहेत असं सांगतील. आणि त्याबद्दल कित्येक जण त्यांना कधीच माफ करणार नाहीत.